भांदक स्टेशन, भद्रावती गाव

ऊर्जानगरला पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताडोब्याला कधी जायचे? त्यात त्यांचे काही चुकत नाही. चंद्रपूर म्हणजे वाघ, हे आता मुंबई-पुण्यापर्यंत पक्के झाले आहे. आम्हा वसाहतीतल्या लोकांना मात्र वाघासाठी जिप्सी करावी लागत नाही. कुंपणाजवळ बिबट्या दिसला, अमुक रस्त्याने रात्री जाऊ नका, असे निरोप मोबाईलवर येतच असतात आणि मगरिबची अजान झाली की मुलांना हाका मारून घरात घेणे हा इथल्या प्रत्येक घराचा रिवाज आहे.

या डिसेंबरात आलेल्या पाहुण्यांना आम्ही ताडोब्याऐवजी भद्रावतीला नेले.

पाहुणे घरचेच. आमचे धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. ते सहा वर्षांपासून जर्मनीत श्वेट्सिंगन नावाच्या छोट्याशा गावात राहतात. रोज रात्री जेवणे झाली की फोनवरचे फोटो निघायचे. गाव लहान, पण त्यात मोठा राजवाडा, राजवाड्यामागे मैलभर बाग, आणि बागेत चक्क मशीद! दोन मिनार, मधे घुमट, भिंतींवर अरबी आणि जर्मन अक्षरे. कार्ल थिओडोर नावाच्या तिथल्या राजाने अठराव्या शतकाच्या शेवटी निकोला द पिगाज या वास्तुकारांकडून ती बांधून घेतली. नमाजसाठी नव्हे, बागेची शोभा म्हणून. त्या काळी युरोपातल्या राजांना पूर्वेकडच्या गोष्टींची हौस होती. पुढे १८७०-७१च्या युद्धात उत्तर आफ्रिकेतले काही जखमी मुसलमान सैनिक त्या भागात होते, त्यांनी तिथे नमाज पढली असे सांगतात. तिथून जवळच हायडेलबर्ग. अल्लामा इक्बाल १९०७ साली जर्मन शिकायला तिथे राहिले होते आणि नेकर नदीच्या काठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. तो फोटो आम्ही लगेच मागून घेतला, नववीच्या वर्गाला दाखवायला.

एका रात्री फोटो संपले तेव्हा पुतणीने विचारले, "बडी अम्मी, तुमच्या गावात जुनं काय आहे?"

ऊर्जानगरात जुने काय असणार? वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती क्वार्टर उभी राहिली. पहिले दोन संच म्हातारे होऊन बंदही झाले. उरलेल्या सात संचांची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. इथे कोणी अकोल्याचा, कोणी नांदेडचा, कोणी परळीचा. ज्याला विचाराल तो 'आमचं गाव' म्हणून दुसरेच नाव सांगतो. आमची मुले इथे जन्मली, तरी शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' हा रकाना आला की पेन अडते. म्हणून पुतणीला सांगितले, जुने पाहायचे तर तीस किलोमीटर जावे लागेल. रविवारी सकाळी फजरनंतर चहा घेऊन निघू.

रस्ता सरळ आहे. दुर्गापूर, मग चंद्रपूरच्या कडेने पडोलीचा चौक, ताडाळी, घोडपेठ आणि भद्रावती. हाच नागपूरचा हमरस्ता, त्यामुळे एसटीला तोटा नाही. सकाळी धुके होते, धुक्यात राखेचा वास होता आणि समोर ताडपत्री बांधलेल्या कोळशाच्या ट्रकांची रांग. ट्रक संपले की मात्र दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी आणि शेंगांनी लवलेली तूर. मुलांचे अब्बा केंद्रात कोळसा हाताळणी विभागात आहेत. ट्रक दिसला की कोळसा कोणत्या प्रतीचा, ओला की कोरडा, हे ते नुसत्या नजरेने सांगतात. भावाभावांची त्यावर पैज लागली, पण निवाडा करायला कोणी नव्हते.

भद्रावतीला दोन नावे आहेत. रेल्वेच्या पाटीवर अजूनही 'भांदक', आणि तहसील, नगरपालिका, एसटी सगळीकडे 'भद्रावती'. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही भांदकच. पहिल्यांदा रेल्वेने येणाऱ्याने भद्रावतीच्या पाटीची वाट पाहत बसू नये.

आम्ही आधी विजासनच्या टेकडीकडे वळलो. उन्हाच्या आधी लेणी पाहून घ्यावीत हा आमचा शाळेच्या सहलींचा अनुभव. टेकडी बुटकी आहे. वेरूळ पाहिलेल्याला दारातून विशेष वाटणार नाही. ना नक्षीचे खांब, ना हत्ती. पण आत शिरले की गोष्ट वेगळी. खडकात एक बोळ सरळ आत जातो, सुमारे सत्तर फूट, आणि त्याच्या टोकाला दालनात बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती. तोंडाशी परत या, तर उजव्या आणि डाव्या हाताला तसेच आणखी दोन बोळ, त्यांच्याही टोकाला मूर्ती. बोळातून पुढे सरकताना समोर आधी फक्त काळोख असतो. मग गुडघे दिसतात, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. ज्याने हे कोरले त्याला माणसाची नजर कशी चालते ते नेमके ठाऊक होते. पुतणीने मोबाईलची बत्ती लावली, तर आमच्या मुलाने ती विझवायला लावली. "अशीच बघ," म्हणाला. तो आधी एकदा सहलीत येऊन गेलेला.

खडक वाळूचा आहे, हात फिरवला तर खरखरीत. छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून तशाच आहेत. भूगर्भशास्त्रवाले या भागातल्या अशा वालुकाश्माला आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे नाव देतात, आणि त्याच्या खालच्या थरांत दगडी कोळसा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. या सगळ्या खडकांच्या गटाला म्हणतात गोंडवाना, गोंडांच्या मुलखावरून. पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि आपला देश ज्या एका प्राचीन महाखंडाचे तुकडे आहेत त्यालाही तेच नाव मिळाले. जर्मनीतल्या शाळेत पुतणी 'गोंडवाना' शिकली होती. तो शब्द या मातीतला आहे आणि गोंड माणसे बाजारात रोज भेटतात, हे कळल्यावर ती क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिली.

आम्ही आत असतानाच पायांखाली बारीकसा हादरा जाणवला. नंतर लांबून धप्प असा आवाज. खाणीतला सुरुंग. वटवाघळे छतावर थोडी हलली आणि पुन्हा शांत झाली.

बाहेर एक बौद्ध कुटुंब मेणबत्त्या लावत होते. बाबासाहेबांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरातही दीक्षा दिली. तेव्हापासून शतकानुशतके पूजेवाचून राहिलेली ही लेणी पुन्हा कोणाची तरी झाली. त्यांच्यातल्या एका आजीने पुतणीला जवळ बोलावले. "कोन्या गावची वं तू, बाई?" पुतणी अडखळत म्हणाली, "जर्मनी." आजीने कपाळाला हात लावला. "येवढ्या दुरून आली पोरगी आमच्या बुद्धाकडं!" आणि डब्यातल्या चिवड्याची मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली.

सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू कोसल देशात येऊन गेला. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे हेच भांदक, असे जुन्या संशोधकांतल्या काहींना वाटत होते. पुढे बहुतेक विद्वानांनी तो मान छत्तीसगडातल्या सिरपूरला दिला. गाइड मंडळी अजून पहिलेच मत सांगतात, त्यांचाही निरुपाय आहे. पण भांदकचे महत्त्व सिद्ध करायला त्या यात्रेकरूची गरजच नाही. इथे सापडलेला ताम्रपट पुरेसा आहे. तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा, शके ६९४ म्हणजे इ.स. ७७२चा. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावाशी जोडले जाते तोच हा राजा. सूर्याच्या देवळाला गाव इनाम दिल्याचा हा लेख आहे.

सन ७७२ म्हटले की आम्ही वर्गात फळ्यावर शेजारी दुसरे साल लिहितो, ७६२. त्या साली खलीफा मन्सूरने बगदादचा पाया घातला. म्हणजे बगदाद दहा वर्षांचे होते तेव्हा हा ताम्रपट कोरला गेला. मुलांना इतिहासाची पुस्तके वेगवेगळ्या पेट्यांसारखी वाटतात, अशा दोन तारखा शेजारी ठेवल्या की पेट्यांची झाकणे उघडतात. याच राष्ट्रकूटांना अरब प्रवासी 'बल्हारा' म्हणत, 'वल्लभराज' या त्यांच्या पदवीवरून. नवव्या शतकात सुलेमान सौदागराच्या नावाने जे वर्णन लिहिले गेले त्यात जगातल्या चार मोठ्या राजांत बल्हारा धरला आहे. दहाव्या शतकात मसऊदी स्वतः कोकणच्या किनाऱ्यावर आला, आणि या राजांच्या मुलखात मुसलमानांना मान आहे, त्यांच्या मशिदी आहेत, असे लिहून गेला. (आपल्या बल्लारशाहशी मात्र या बल्हाराचा काही संबंध नाही. ते नाव गोंड राजांच्या बल्लाळशाहवरून आले. दर वर्षी एक तरी विद्यार्थी ही दोन नावे जोडून दाखवतोच.)

गावात भद्रनागाचे देऊळ आहे. नागपंचमीला तिथे इतकी गर्दी असते की मुख्य रस्त्याने पायी जाणेही कठीण. आज गर्दी नव्हती. गाभाऱ्यात नागाची पूजा चालू होती, आम्ही आवारातच उभे राहिलो. फुलवाल्या बाईंनी स्टूल पुढे केले, फुले घ्या म्हणून आग्रह केला नाही. आमच्या मते भद्रावती समजून घ्यायची असेल तर हे आवार सगळ्यात महत्त्वाचे आहे. हे देऊळ बरेचसे त्याहून जुन्या देवळांच्या दगडांतून उभे राहिले आहे. कोरीव शिळा, तुटके हात, न ओळखू येणारे देव भिंतीला टेकून ठेवलेले, आणि त्यांतल्या प्रत्येकावर ताजे हळदीकुंकू. कोणाचे देव आहेत हे वाहणाऱ्यालाही माहीत नसावे. जुन्या किल्ल्याच्या बाबतीतही तेच. आधीच्यांनी घडवलेला दगड नंतरच्यांनी उचलला आणि आपल्या भिंतीत बसवला.

पुतणी म्हणाली, "आमच्याकडे असतं तर काचेत ठेवलं असतं. कुंकू लावलं की दगड खराब होतो."

खरे आहे तिचे. तिच्या गावच्या बागेतल्या मशिदीचा एक टवका उडाला तरी मोजमाप घेऊन दुरुस्त करतात. इथे मोजमापाचे सोडा, अमुक मूर्ती कोणत्या शतकातली हे सांगणारा एक धड फलकही नाही. मुलांना घेऊन येतो तेव्हा आम्हीच फलक होतो. पण ती मशीद राजाने नमाजसाठी बांधलीच नव्हती, आणि इथल्या या मोडक्या दगडाला रोज सकाळी कोणीतरी पाणी घालते. दोन्ही जपणेच आहे. आम्हाला विचाराल तर कुंकू असू द्यावे आणि फलकही लावावा. त्यासाठी पैसा फार लागत नाही, कोणीतरी मनावर घ्यावे लागते.

केसरिया पार्श्वनाथाचे जैन मंदिर लगेच डोळ्यांत भरते ते स्वच्छतेने. इथल्या पार्श्वनाथाला 'स्वप्नदेव' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका भक्ताला स्वप्न पडले आणि त्यानंतर जंगलात ही जुनी मूर्ती मिळाली, अशी हकीकत आहे. धर्मशाळा आहे, देशभरातून यात्रेकरू येतात. आम्ही बागेत थोडे बसलो. गवराळ्याचा गणपती विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, त्याची टेकडी लांबूनच पाहिली. त्याच्याजवळही खडकात कोरलेली दालने आहेत आणि तिथे महाभारतातल्या यौवनाश्व राजाचा वाडा होता अशी आख्यायिका आहे. भद्रावतीच्या मातीचेही नाव आहे. गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला नवे वळण दिले. जाऊबाईंना मातीची सुरई हवी होती. विमानात ती फुटेल हे सगळ्यांनी सांगितले, तरी त्यांनी घेतलीच.

जोहरच्या वेळी आम्ही बी.एड.च्या आमच्या एका मैत्रिणीकडे पोचलो. पुरुष मंडळी मशिदीत गेली, आम्ही तिच्याच घरी नमाज पढलो. जेवायला सोलेभात, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि दालचा. तुरीच्या ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. तो भात डिसेंबर-जानेवारीतच खावा. दिरांनी तीनदा घेतला आणि जर्मनीत तुरीच्या शेंगा मिळत नाहीत याबद्दल त्या देशाला पुष्कळ नावे ठेवली.

जेवणानंतर डोलारा तलाव पाहिला. तलावातल्या बेटावर जायला एक जुना दगडी पूल आहे. कमानी नाहीत, नुसते मोठमोठे खांब दोन रांगांत उभे आणि त्यांच्यावर दगड आडवे टाकलेले. मुलांनी पावले मोजत टोक गाठले आणि आकडा जुळेना म्हणून परत मोजले. इतक्या शतकांत पाणी किती वेळा चढले-उतरले असेल, पूल आहे तिथे आहे. आमचा बेत इथून घरी परतण्याचा होता.

पण मैत्रिणीने जेवतानाच एक काम सांगून ठेवले होते. तिचे सासरचे गाव तिथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. ते गाव खाणीत जाणार आहे. मोजणी झाली, घरांचे भाव ठरत आले, काही लोकांनी पैसे घेऊन भद्रावतीत प्लॉटही घेतले. मोजणीवाल्यांनी घर मोजले, विहीर मोजली, आंब्याची झाडे एकेक करून मोजली. कब्रस्तानची मात्र एकच ओळ, अमुक इतकी जागा म्हणून. कोण तिथे आहे, किती आहेत, यासाठी कागदावर रकाना नव्हता. ती म्हणाली, "तुझं उर्दूचं अक्षर चांगलं आहे आणि मराठीही. दोन्हीत यादी करून दे. कबरींचं पुढे काय करायचं ते उलेमांना विचारलंय, ते सांगतील तसं होईल. नावं तरी लिहिलेली असू देत."

गाडीत तिचे शौहर मुलांच्या अब्बांशेजारी बसले होते. हसत म्हणाले, "भाईजान, आमचं गाव शेवटी तुमच्याकडेच येणार. तुमच्याकडे नाहीतर दुसऱ्या कुठल्या केंद्रात." बोलण्यात कडवटपणा नव्हता. मुलांचे अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पट्ट्यावर कोळशाबरोबर कायकाय येतं. झाडाची मुळं येतात, लाकूड येतं. लोखंड असलं तर चुंबक ओढून घेतो. कोणत्या गावचं ते कळत नाही." पुढे दोघेही पावसावर बोलू लागले.

ही आमच्या घरची भाकरी आहे, त्यामुळे कोळशाविरुद्ध भाषण करणे आम्हाला शोभणार नाही. आमचा दिवा, शाळेचा पंखा, ज्या मोबाईलवर श्वेट्सिंगनचे फोटो पाहिले तो मोबाईल, सगळे त्याच्यावरच चालते. पण भद्रावतीत आज दिवसभर जे पाहिले ते मनातून जात नव्हते. बौद्ध गेले आणि परत आले, राष्ट्रकूट आले, गोंड राजे आले, जैन यात्रेकरू आले. प्रत्येकाला आधीच्याचा दगड मिळाला, कारण जमीन जागेवर होती. खाण जमीनच घेऊन जाते.

कब्रस्तान नाल्याच्या काठाला आहे, मोहाची चार-पाच झाडे आणि पळसाची झुडपे. कबरी कच्च्या, डोक्याशी एकेक दगड. नाव कोरलेला दगड फक्त तिघांचा, त्यांतला एक मैत्रिणीच्या सासऱ्यांचा. आम्ही सलाम केला, फातिहा पढलो. मग प्रश्न आला, बाकीच्यांची नावे सांगणार कोण? मैत्रिणीच्या सासूबाईंना घरच्याच माहीत. गावात मुसलमानांची पूर्वी बारा घरे होती, आता चार राहिली.

तेव्हा मैत्रिणीचे शौहर गावातून एका गोंड आजोबांना घेऊन आले. वय ऐंशीच्या पुढे, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. तरुणपणी इथली प्रत्येक कबर खोदायला ते हजर होते, कारण खडकाळ जमिनीत सरळ खोदणारा त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. त्यांच्याही पूर्वजांचे दगड याच नाल्याच्या वरच्या अंगाला आहेत आणि तेही त्याच मोजणीत आहेत. ते काठीने दाखवत गेले. "ही बांगडीवाल्या काकीची. दिवाळीला आमच्या घरच्या बायांना उधारीवर बांगड्या भरायची. हा तिचा लेक, पुरात गेला. हे मास्तर. हे नालबंद, बैलाला नाल ठोकायचे, त्यांचं खरं नाव इस्माईल."

आम्ही मांडीवर शाळेची वही घेऊन दगडावर बसलो. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी, मधे क्रमांक. ज्यांची नावे आजोबांना आठवली ती नावे लिहिली. ज्यांची नाही आठवली त्यांच्यासमोर ते जे सांगतील ते: 'नालबंदांची धाकटी सून, बाळंतपणात गेली.' 'मोहाखालची, नाव माहीत नाही, पाहुणा म्हणून आला होता.' एका कबरीपाशी सासूबाई आणि आजोबांचा वाद झाला, कोण आधी गेले यावरून. दोन्ही म्हणणी लिहून ठेवली. जाऊबाई दगडांवरचे गवत बाजूला करत होत्या. पुतणीला उर्दू वाचता येत नाही, म्हणून तिने आपले काम स्वतःच ठरवले. चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, चिठ्ठी कबरीच्या दगडाशी धरायची, फोटो काढायचा. वाऱ्याने चिठ्ठ्या उडू लागल्या तेव्हा आमच्या मुलाने त्या खड्यांखाली दाबून धरल्या.

आजोबा मधेच तिला विचारते झाले, तुमच्या तिकडं मेलेल्यांना कुठं ठेवतात? ती जर्मनीतले ऐकून-पाहून सांगू लागली, की तिथे पुष्कळ ठिकाणी कबरीची जागा काही वर्षांसाठीच मिळते, मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. दिरांनी ते मराठीत समजावले. आजोबांनी मान हलवली. "म्हंजे तिकडंबी उठवतेतच का?" म्हणाले, आणि पुढच्या दगडाकडे वळले.

असरनंतर ऊन लवकर उतरले. एकतिसाव्या नोंदीपाशी अक्षर दिसेनासे झाले आणि नाल्याकडून थंडी वर येऊ लागली. झुडपांचा भाग, दिवस मावळल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. उरलेल्या सोळा-सतरा कबरी पुढच्या रविवारी करायच्या ठरल्या. आजोबांनी यायचे कबूल केले, फक्त सकाळी या म्हणाले, संध्याकाळी त्यांना दिसत नाही. पुतणीचे विमान त्याआधीच होते. तिने गाडीत बसल्या बसल्या सगळे फोटो मैत्रिणीच्या मुलाला पाठवले, आणि बत्तिसापासून पुढच्या चिठ्ठ्या रात्री घरी लिहून आमच्या वहीत ठेवल्या.